छापून आलंय म्हणून

आमच्या पेपरच्या ऑफिसातल्या लँडलाइनवर हल्ली फक्त म्हातारी माणसं फोन करतात. बाकीचं जग कुठे ना कुठे टाइप करत असतं. त्यामुळे तो वाजला की डेस्कवरचे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि शेवटी उचलते मीच, कारण वाजत राहिलेला फोन मला सहन होत नाही. मला बरंच काही सहन होत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात कायम दूध उतू जात असतं.

त्या दिवशी सुट्टी संपवून मी कामावर आले होते. अजून खुर्चीला पाठ टेकली नव्हती, पर्स खांद्यावरच होती, तोच फोन.

“आजच्या पहिल्या पानावर बसच्या अपघाताचा फोटो आहे,” पलीकडून एक आजोबा बोलत होते. सावकाश, एकेक शब्द जपून. “लाल बाण काढलाय. ड्रायव्हरनं गाडी उलट्या बाजूला घातली असं लिहिलंय. ते खरं आहे का, तेवढंच विचारायचं होतं.”

“आजोबा, छापलंय म्हणजे खात्री करूनच छापलंय.”

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोललेय की त्याला आता डोकं लागत नाही, तोंड पुरतं.

“नक्की ना?”

“अहो, नक्की. पेपर आहे हा, मोबाइल नाही.”

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग मी पान उघडलं आणि डोक्यात तिडीकच गेली. फोटोच्या खाली पट्टी होती, ‘थेट आपल्या गल्लीतून’. म्हणजे आमचा थेट!

थेट म्हणजे माझा धाकटा दीर. आम्ही एकाच घरात राहतो, तो वरच्या खोलीत. एक फोन, एक सेल्फीची काठी आणि न थकणारं तोंड एवढ्या भांडवलावर त्याचा चॅनेल चालतो. पाइप फुटला, थेट हजर. लिफ्ट अडकली, थेट हजर. कुठे चार माणसं वर बघत उभी दिसली तर हा आधी लाइव्ह जातो आणि मग विचारतो, काय झालंय. लोकांनीच त्याचं हे नाव पाडलं, आता सासूबाईसुद्धा त्याला त्याच नावाने जेवायला हाक मारतात.

पण खोटं कशाला बोलू? त्याने चांगली कामंही केली होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या विकत होते, ते त्याने दाखवलं. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं. त्या दुकानाची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर येते, म्हणून आम्ही गप्प. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता आणि त्याहून जास्त राग आला होता. दोन्ही एकदम वाटू शकतं माणसाला.

“ह्याची खात्री कुणी केली?” मी पान लावणाऱ्या पोरीला विचारलं.

“खात्री काय करायची, ताई? व्हिडिओच आहे ना.”

आमच्याकडे नियम होता. दोन वेगवेगळ्या माणसांना विचारल्याशिवाय ओळ छापायची नाही. पण विचारायला माणसं हवीत ना! अपघातांच्या बातम्या करणाऱ्या बातमीदाराला मागच्या महिन्यातच घरी बसवलं. त्याच्या टेबलावर आता पाण्याचे रिकामे जार ठेवतात. संपादकसाहेबांनी संध्याकाळी केबिनमध्ये बसल्या बसल्या थेटचा व्हिडिओ बघितला, त्यातला एक फोटो उचलला आणि बाण काढायला लावला. खूश होते एकदम. थेटला बोलावून घ्यायचं, पेपरचं सगळं ऑनलाइन त्याच्या हातात द्यायचं, असं त्यांनी वरिष्ठांना सांगूनही टाकलं होतं. थेटलाही तसा फोन गेला होता. घरी पेढा वाटायचा बाकी होता, एवढंच.

मला मात्र चैन पडेना. का, ते सांगता येत नव्हतं. चहा घेतला, तो गार झाला. बातम्या वाचत होते, पण एकही आत जात नव्हती. सारखा तो म्हातारा श्वास कानात यायचा. कुणीही असं नुसत्या बाणाबद्दल विचारायला फोन का करेल?

त्या ड्रायव्हरला कामावरून घरी बसवल्याचंही ऑफिसात कळलं. तीन दिवसांनी सकाळी मी डबा भरत होते आणि सासूबाई टेबलाशी बसून फोन नाकाला लावून तोच व्हिडिओ बघत होत्या. पोराचं कौतुक त्यांना पुरत नाही. एकच व्हिडिओ त्या जपमाळेसारखा फिरवतात.

“बघ ना, किती छान दिसतोय,” त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

थेट सेल्फी घेतो तसा फोन स्वतःकडे करून बोलत होता. अर्ध्या पडद्यावर त्याचं तोंड, खाली वर चॅनेलच्या पट्ट्या, आणि त्याच्या खांद्यामागे बस, तिच्यासमोर आडवी पडलेली स्कूटर, माणसांची पळापळ. “बघा मित्रांनो, बस पूर्ण उलट्या बाजूला आहे, पूर्ण!” तो ओरडत होता. आणि खरंच होती. मधल्या पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे, समोरून येणाऱ्यांच्या रस्त्यात.

मी बस बघतच नव्हते. मी त्याची भुवई बघत होते.

माझं लग्न झालं तेव्हा थेट शाळेत होता. घरात धावताना माझ्याच कपाटाच्या दारावर आपटला होता आणि मीच त्याला उचलून टाके घालायला नेलं होतं. नव्या सुनेच्या कपाटाने दिराचं कपाळ फोडलं म्हणून सगळ्या नातेवाइकांत माझी शोभा झाली. ती भुवई कुठली, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. डावी. आणि व्हिडिओत व्रण उजव्या भुवईवर होता.

डबा तसाच टाकून मी जिना चढले. हातात आमटीचा डाव होता हे मला वर गेल्यावर कळलं.

“थेट, इकडे बघ. तुझा व्रण कुठे आहे?”

“काय वहिनी, सकाळी सकाळी?” तो खुर्चीत मांडी घालून कसल्यातरी व्हिडिओची कापाकापी करत होता. “हा काय, इथे.”

“मग ह्यात तिकडे कसा गेला?”

“पुढच्या कॅमेऱ्यानं घेतलं की होतं तसं. आरशासारखं उलटं दिसतं. लाइव्हमध्ये ते सुलटं करायचं बटण…” तो बोलता बोलता थांबला. थेट थांबला! मी एवढ्या वर्षांत त्याला अर्ध्या वाक्यात थांबलेलं पाहिलं नव्हतं.

“सगळंच उलटं दिसतं ना?” मी विचारलं. “नुसती भुवई नाही.”

त्याने व्हिडिओ कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर लावला. बसच्या कपाळावरची पाटी त्याच्या डोक्यामागे गेली होती, नंबर पट्टीखाली झाकला होता, त्यामुळे अक्षरं उलटी आहेत हे कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मग त्याने बसचं दार मोठं केलं. माणसं घाईघाईने उतरत होती आणि पाय ठेवत होती ते फूटपाथवर.

“बसचं दार फूटपाथच्या बाजूला असतं,” तो पुटपुटला. “गाडी उलट्या बाजूला गेली असती तर दार रस्त्याच्या मधोमध आलं असतं. हे तर फूटपाथला चिकटलंय, वहिनी.”

त्याने एक कळ दाबली आणि चित्र पलटलं. व्रण डाव्या भुवईवर आला. बस गुपचूप आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“मी तिथं उभा होतो,” तो म्हणाला. “माझ्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. मी सगळा वेळ फोनमध्येच बघत होतो.”

“आता बघितलंस ना? मग सांग लोकांना.”

तो पडद्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, “चार दिवसांनी कुणाच्या लक्षात राहणार आहे? व्हिडिओ काढून टाकतो ना. साहेबांशी बोलणं आत्ताच कुठे जमलंय, वहिनी. आत्ताच मी म्हटलं की मला डावं-उजवं कळत नाही, तर कोण मला ठेवेल?”

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. हातातला डाव मी टेबलावर असा आपटला की खालून सासूबाईंनी विचारलं, काय पडलं गं? “त्या माणसाची नोकरी गेलीय ती कुणाच्या लक्षात राहील, गाढवा? ऊठ. आत्ता ऊठ. चप्पल घाल.”

ड्रायव्हरचं घर थेटला माहीत होतं. माहीत असणारच, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तो त्या दारातूनही लाइव्ह गेला होता. ‘दार बंद, चालक गप्प’ असं मोठ्या लाल अक्षरात लिहून. आम्ही पोचलो तर खिडकीची काच फुटलेली आणि तिथे आतून पुठ्ठा लावलेला. थेटने तो पुठ्ठा बघितला आणि माझ्या मागे सरकला.

दार उघडलं ते चाळिशी ओलांडलेल्या एका बारीक माणसाने. त्याने थेटला ओळखलं. चिडला नाही, हेच वाईट होतं. “आता काय फोनमध्ये घ्यायचंय?” म्हणाला. “आत काही नाही हो घ्यायला.”

“गाडी तुमच्याच बाजूला होती ना?” मी सरळ विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “माझ्याच बाजूला. स्कूटरवाला उलटा आला. पण त्या पोराला काही आठवत नाही आणि आमचे डेपोतले साहेब लोक म्हणतात, व्हिडिओ आहे, फोटो आहे, तू कशाला तोंड वर करून बोलतोस.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “नोकरीचं जाऊ दे. चौकशी होईल तेव्हा होईल. आत माझे वडील आहेत. तेसुद्धा बसच चालवायचे, आयुष्यभर. एक ओरखडा नाही त्यांच्या नावावर. ते फोन-बिन बघत नाहीत, पेपर वाचतात. सगळं जग काहीही बोलेना का, मी म्हटलं बाबांना तरी पटेल. तर त्यांनी तुमच्या ऑफिसात फोन केला. कुणीतरी बाई म्हणाली, छापलंय म्हणजे खात्री करूनच छापलंय. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी पाणी दिलं तर घेत नाहीत, स्वतः उठतात. गुडघे धरून उठतात हो, पण माझ्या हातचं घेत नाहीत.”

थेटने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. अहो, ती बाई मीच, असं दारात उभं राहून म्हणायची माझी छाती झाली नाही. “उद्याच्या पेपरात खरं काय ते येईल,” एवढंच म्हणाले. “पहिल्या पानावर. त्याच जागी.”

“येईल?” त्याने असं विचारलं की मला रडूच फुटेल असं वाटलं.

तिथून निघाल्यावर थेटने रस्त्यातच फूटपाथवर उभं राहून दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले, चूक माझी आहे म्हणून स्पष्ट सांगितलं आणि टाकलं. जुना व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला होता. हा कुणी बघेना. तो दर मिनिटाला फोन काढून बघायचा आणि परत खिशात टाकायचा. जुना व्हिडिओ त्याने काढून टाकला, पण तोवर तो दुसऱ्यांच्या चॅनेलवर बसला होता आणि तिथे मजेत फिरत होता.

मी रिक्षातून ऑफिसला जाईपर्यंत साहेबांशी मनातल्या मनात तीनदा भांडले. प्रत्यक्षात मात्र त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “खुलासा देऊ की. आतल्या पानावर, दोन ओळी.”

“आतल्या पानावर? हरवले-सापडलेच्या शेजारी?”

“मग काय पहिल्या पानावर ढोल वाजवायचा की आम्ही चुकलो? आधीच वाचक फोनकडे पळालेत. त्यांना सांगायला आपल्यापाशी एवढंच उरलंय, की बाबांनो, आमचं खरं असतं. तेही तू चव्हाट्यावर मांडणार?”

“साहेब, बाण तुम्ही पहिल्या पानावर काढलात. तेव्हा नाही वाटलं?”

“तुझ्या दिराचा व्हिडिओ होता तो!”

“माझ्या दिराचा होता, आपल्या पेपरचा नव्हता. आपण का नाही विचारलं कुणाला? तो ड्रायव्हर पळून गेला होता का? घरी बसला होता बिचारा.”

पण ते हटले नाहीत. दोन ओळी म्हणजे दोन ओळी. मी केबिनमधून बाहेर आले, पाणी प्यायले, परत आत गेले, परत बाहेर आले. पोरं खालमानेने टाइप करण्याचं नाटक करत होती. आणि तेवढ्यात जिन्यावरून थेट आला. त्याला साहेबांनीच बोलावलं होतं, कामाचं पक्कं करायला. चांगला शर्ट घालून आला होता.

केबिनचं दार उघडंच होतं. साहेब म्हणाले, “ये, ये. बस. हे बघ, चुका होतात. तू आता इथे आलास की…”

“साहेब, पहिल्या पानावर छापताय ना?” थेट बसला नाही.

“आतल्या पानावर देतोय.”

थेटने खिशातून फोन काढला आणि काठीला लावला. “मग मी इथूनच लाइव्ह जातो. माझ्या चुकीचं मी सांगितलंय. तुम्ही कुणालाही न विचारता माझा व्हिडिओ उचललात, हे तुमच्या केबिनमधून सांगतो. चालेल?”

“मला धमकी देतोस?” साहेब उठले.

“हो, साहेब. पहिल्यांदाच देतोय, जमत नाहीये नीट.”

मला हसू आलं. ह्या सगळ्यात मला हसू आलं, आणि साहेबांना ते दिसलं. ते खाली बसले. टेबलावरचा पेपर पुढ्यात ओढला. मग म्हणाले, “पहिलं पान. त्याच जागी. मथळा मी देईन. आणि तू,” थेटला म्हणाले, “तुझं इथे काही होणार नाही आता.”

“माहीत आहे,” थेट म्हणाला. दाराबाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, “वहिनी, आईला काय सांगायचं?”

मथळा साहेबांनी सरळ दिला, ते मी नाकारणार नाही. ‘आमची चूक : बस योग्य बाजूलाच होती’. त्याखाली दोन्ही चित्रं, उलटं आणि सुलटं, आणि ड्रायव्हरकडे मागितलेली माफी. सकाळी पेपर घेऊन आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. पेपर टाकणाऱ्या पोऱ्यावर सोडायचा नव्हता मला, हातात द्यायचा होता.

आजोबा खुर्चीत बसले होते. डोक्यावर पांढरे केस, हात मोठाले. ड्रायव्हर आतल्या दारात उभा राहिला, पुढे आला नाही. मी पेपर आजोबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचलं. एकदा वाचलं. परत वरून वाचलं. खोलीत कुणी हलत नव्हतं. जणू माझाच निकाल लागायचा होता.

“हे आज छापलंय,” ते म्हणाले.

“हो, आजोबा,” मी म्हणाले.

“आधीचंही तुम्हीच छापलं होतं.”

“हो.”

“मी फोन केला होता.”

“मीच उचलला होता, आजोबा,” मी म्हणाले. आतल्या दारात ड्रायव्हरने मान वर केली. “न बघता बोलले मी. माझं चुकलं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत नसावं, तसं. “तुम्ही म्हणालात, छापलंय म्हणजे खात्री केलीय.”

“म्हणाले.”

“मग हे खरं कशावरून?”

भुवई, आरसा, दार, फूटपाथ, सगळं माझ्याकडे तयार होतं. पण इतकी वर्षं ह्या प्रश्नाला मी जे एक उत्तर देत आले होते, ते आता देता येत नव्हतं आणि दुसरं मला येत नव्हतं. थेट घाईघाईने फोन पुढे करून म्हणाला, “आजोबा, हे बघा, हे उलटं आणि हे…” आजोबांनी त्याचा हात बाजूला केला. हळूच केला, पण केला.

“बाबा,” ड्रायव्हर दारातून बोलला. “मी सांगत होतो ना तुम्हाला. पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

आजोबांनी पेपर खाली ठेवला. चष्माही काढून त्यावर ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “तू सांगत होतास.”

आणि मग मुलाकडे वळले. “ये. बस इथे. त्या दिवशी काय झालं ते मला नीट सांग.”

ड्रायव्हर त्यांच्या पायाशी बसला. बाण काढला, मथळे दिले, लाइव्ह गेलो, माफी छापली, बाजू कुठली तेवढी मी दारात उभी राहून विचारून घेतली, आणि हा प्रश्न, एवढा साधा प्रश्न, त्या माणसाला आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता. थेट भिंतीला टेकून खाली बसला. मीही बसले.

“दुसरी फेरी होती,” ड्रायव्हर सांगू लागला. “गाडी अर्धी रिकामी. वळण घेऊन सरळ झालो आणि तो पोरगा समोरून आला, माझ्याच बाजूनं. बाबा, मी ब्रेकवर उभा राहिलो हो. अक्षरशः उभा राहिलो…”

आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मग?” त्यांनी विचारलं.